रेघेवरचं घर

१ जानेवारी १९८७, सकाळ

बाहेर उणे सव्वीस. गाडी चालू होत नाही. तरी मन प्रसन्न.

आजपासून रोजनिशी. कारण महत्त्वाचं आहे. यंदा आमचं नॉरबी गाव शंभर वर्षांचं होतंय, आणि या सगळ्या माळावर पहिला नांगर घातला तो माझ्या आजोबांनी. हाल्वोर हॉगस्टाड. बरोबर आजी इंगेबोर्ग. १८८३ साली नॉर्वेहून आले. सरकार तेव्हा एकशे साठ एकर जमीन फुकट द्यायचं, पाच वर्षं तिथे राहून कसून दाखवायची. नॉर्थ डकोटाच्या थंडीत पाच वर्षं! आजचे लोक पाच मिनिटं बॅटरीची वाट बघताना रडकुंडीला येतात. (मी आलो नाही. डोळ्यांत वारा गेला होता.)

निश्चय: जुलैत शताब्दीचा सोहळा आहे, त्याच दिवशी आमच्या कुळाचा मेळावा. त्याआधी हॉगस्टाड वंशावळीचं पुस्तक लिहून, छापून तयार. पुस्तक, मेळावा आणि मिरवणुकीतला आमचा गाडा, तिन्हींची सूत्रं माझ्या हाती. कोणी दिलेली नाहीत, पण कोणी मागितलीही नाहीत.

गावच्या क्रीमरीत, म्हणजे दूध-लोण्याच्या कारखान्यात, बत्तीस वर्षं मॅनेजर होतो. असिस्टंट मॅनेजर, पण मॅनेजर बहुतेक आजारीच असायचा. मला हे जमणार नाही तर कुणाला?

४ जानेवारी

मध्ये दोन दिवस लिहिलं नाही. बॅटरी.

आर्डिसचा फोन. माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आजोबांच्या मूळ जागेवर एकटीच राहते. पुस्तकाचं सांगितलं तर म्हणाली, अरे वा, सगळ्यांना घेणार ना त्यात? म्हटलं, अर्थात, नियमात बसतील त्या सगळ्यांना. तर म्हणाली, नियम? कसले रे नियम? म्हटलं, फोन खरखरतोय.

११ जानेवारी

प्रस्तावना लिहून झाली. कुठल्याही पुस्तकात आधी प्रस्तावना लिहावी, म्हणजे निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

नियम पहिला: विधिवत लग्नातून जन्मलेल्यांचीच नोंद होईल. बाकीचे पाहुणे. नियम दुसरा: एकही जागा कोरी राहणार नाही. प्रत्येकाची जन्मतारीख असेलच. कोरी जागा सोडणारा वंशलेखक आळशी असतो. १७४१ साली जन्मलेल्या आमच्या एका पूर्वजाची तारीख माझ्याकडे वारासकट आहे.

पहिला नियम कडक वाटेल काहींना. पण आधी माझ्याच घराला लागू केला आहे. माझी मुलगी रोंडा. फार्गोला हॉस्पिटलात नर्स आहे. सहा वर्षांपूर्वी तिने जे केलं ते मी या वहीतही लिहिणार नाही. मूल आहे आणि लग्न नाही. (लिहिलं गेलं.) मुलगी आहे म्हणतात. नाव विचारलं नाही. नाव विचारलं की संबंध आला.

त्या वेळी रोंडाला एवढंच म्हणालो होतो, तू केव्हाही ये, पण एकटी ये. यात वावगं काय आहे?

व्हर्नानेही, माझ्या बायकोने, तेव्हा माझ्याशी वाद घातला नाही. समजूतदार बाई. तिला जाऊन दोन वर्षं झाली. दातांचा फार त्रास होता तिला, महिन्यातून एकदा फार्गोला डेंटिस्टकडे जायची. दिवसभर लागायचा. पण शेवटपर्यंत एकूणएक दात शाबूत. डॉक्टर चांगला असावा.

२ फेब्रुवारी

आजोबा-आजींच्या लग्नाची तारीख हवी. नॉर्वेच्या चर्चला सविस्तर पत्र पाठवलं. बोटीत बसण्यापूर्वी त्यांनी लग्न केलं, नवी नवरी बैलगाडीतून या माळावर उतरली, असं मी प्रस्तावनेत लिहूनही टाकलंय. परिच्छेद सुंदर उतरलाय. आर्डिसला फोनवर वाचून दाखवला. ओव्हनमध्ये काहीतरी करपतंय म्हणून तिने घाईने फोन ठेवला. भारावली असणार.

१४ मार्च

चर्चचं उत्तर आलं. असं लग्न आमच्याकडे लागलेलं नाही.

तिथले कारकून! शंभर वर्षांत नीट शोधायला शिकले नाहीत. दुसऱ्या चर्चला पत्र टाकलं.

८ एप्रिल

दुसऱ्या चर्चचंही तेच. सरकारी पगार घेऊन बसलेत सगळे.

१९ एप्रिल, ईस्टर

बर्फ वितळलं. आर्डिसकडे जेवायला गेलो. हॅम, बटाटे, लेफ्से. तिची ही बटाट्याची नॉर्वेजियन पोळी व्हर्नाच्या हातच्यासारखी मऊ होत नाही, पण तीन खाल्ल्या, तिला वाईट वाटू नये म्हणून.

जेवण झाल्यावर आजोबांच्या पहिल्या घराची जागा मोजायला गेलो. मिरवणुकीतल्या गाड्यावर त्या घराची प्रतिकृती उभी करायची आहे. फळ्यांची एक खोली होती म्हणे, भोवती गवताच्या ढेपांची भिंत. आता पायाचे दगड तेवढे उरलेत. उंबऱ्याच्या जागी मोठा सपाट दगड. मोजून घेतला. तर आर्डिस पलीकडच्या टोकाला उभी राहून म्हणते, आणि हा दुसरा उंबरा कोण मोजणार?

बघतो तर खरंच, तिकडेही तसाच दगड. एक दार पश्चिमेला, एक पूर्वेला. एवढीशी खोली, दोन माणसं, दारं दोन. म्हटलं, हा पायरीचा दगड असेल, चिखल काढायला. आर्डिस हसली. म्हणाली, सेल्मर, या घराच्या बरोबर मधून जमिनीची रेघ जाते, तुला माहीत नाही? पश्चिमेचे एकशे साठ एकर त्यांचे, पूर्वेचे तिचे.

म्हटलं, तिचे म्हणजे दोघांचे. म्हणाली, नाही. तिचे.

आर्डिस आता एकोणसत्तर वर्षांची आहे. विसरते. प्रतिकृतीला एकच दार करणार. आधीच गाडा अरुंद आहे.

३ मे

गाड्यावर आजोबांच्या वेषात मी बसणार हे ठरलेलंच आहे. नाक तेच आहे. आजी कोण? आर्डिसला विचारलं. म्हणाली, मी त्या फळ्यांवर चढून माझं कंबरडं मोडून घेऊ? रोंडाला विचार की. आणि म्हणाली, पोरीलाही बसव शेजारी. मग तुझं चित्र अगदी खरं होईल.

याचा अर्थ काय, हे विचारलं नाही. टोमणा होता हे कळलं.

१० मे

रोंडाला फोन केला. दोन वर्षांनंतर पहिल्यांदाच, व्हर्नाच्या दफनानंतर. मी अत्यंत मोकळेपणाने बोललो. म्हटलं, जुलैत ये, तुला इंगेबोर्ग आजी करायचंय, काळा झगा शिवून घेऊ, खर्च माझा. एकटी ये.

ती म्हणाली, बाबा, आम्ही दोघी येऊ, नाहीतर कोणीच नाही.

म्हणजे विचार करतेय.

पाठीमागे कोणीतरी गाणं म्हणत होतं, अगदी बेसूर. टीव्ही असेल.

२४ मे

पामर स्क्रेडे यांना भेटायला वृद्धाश्रमात गेलो. वय त्र्याण्णव. त्यांचे वडील आमच्या आजोबांचे सगळ्यांत जवळचे शेजारी. पुस्तकासाठी मुलाखत घ्यायची होती, टेपरेकॉर्डर नेला होता. बरं झालं, चालू करायला विसरलो.

मी विचारलं, काका, माझ्या आजोबांचं लग्न कुठे लागलं, तुमच्या वडिलांकडून काही ऐकलंय? म्हातारा एवढा हसला की नर्स धावत आली. म्हणाला, अरे लेका, ऐकलंय म्हणजे काय! आमच्याच घरात लागलं की! अठ्ठ्याऐंशी साली!

म्हटलं, काका, त्र्याऐंशी. म्हणाला, त्र्याऐंशीला ते आले. लग्न अठ्ठ्याऐंशीला. मधे पाच वर्षं करतील कसं? बाई लग्नाची झाली की तिला सरकार वेगळी जमीन देईना. एकट्या बाईला द्यायचं. तुझी आजी हुशार! म्हणाली, मी आपली एकटी. त्याला एकशे साठ, हिला एकशे साठ, आणि घर बांधलं दोघांच्या मधल्या रेघेवर. चूल त्याच्याकडे, पाण्याचं पिंप हिच्याकडे, दारं दोन.

मी म्हटलं, म्हणजे शेजारी-शेजारी राहायचे. सभ्यपणे.

तर म्हणतो कसा, हो तर! पलंग एकच होता, पण रेघेवर आडवा टाकलेला. सरकारी माणूस चौकशीला आला तेव्हा माझ्या बापाने शपथेवर सांगितलं, साहेब, दोघंही रोज रात्री आपापल्याच जमिनीत झोपतात. आणि खोटं काय होतं त्यात?

पुन्हा हसायला लागला. खोकला लागला. मी निघणार तेवढ्यात हात धरून म्हणाला, आणि तुझा बाप! निल्स! लग्नात तीन वर्षांचा होता पठ्ठ्या. पाद्री मंत्र म्हणतोय आणि हा केकसाठी भोकाड पसरतोय. शेवटी इंगेबोर्गने त्याला कडेवर घेतलं आणि तसंच लग्न लागलं. सगळ्या माळाला माहीत आहे हे. तुला नव्हतं?

बिचाऱ्याचं डोकं गेलंय पार. वयच तसं आहे.

२५ मे

बाबांचा जन्म नोव्हेंबर १८८५. ही तारीख पक्की आहे. त्यांच्या दगडावर कोरलेली आहे, मीच कोरवून घेतली.

२७ मे

भूक नाही. सूप.

माझ्या नियमाप्रमाणे बाबा पाहुणे ठरतात. बाबा पाहुणे तर मीही. आर्डिसही. आख्खं पुस्तक पाहुण्यांचं! वंशावळीत उरतात फक्त हाल्वोर आणि इंगेबोर्ग, आणि दोघंही आपापल्या जमिनीत.

२९ मे

आर्डिसकडे गेलो. तुला माहीत होतं, म्हटलं. म्हणाली, सगळ्यांनाच माहीत आहे. बाबा स्वतः सांगायचे, मी माझ्या आईबापाच्या लग्नात केक खाल्लाय. तू तेव्हा उठून जायचास टेबलावरून.

मला अजिबात आठवत नाही असं काही.

मी तिला समजावलं की त्या काळची परिस्थिती वेगळी होती. थंडी, माळ, पाद्री दीडशे मैलांवर, सरकारचा विचित्र कायदा. माणसं मनाने विवाहितच होती. यावर ती म्हणाली, बरोबर आहे तुझं. मग रोंडाची परिस्थिती काय होती? विचारलीस कधी?

म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? तिने कॉफीचा कप काढून घेतला. अर्धी शिल्लक होती.

२ जून

रात्रभर झोप नाही, पण सकाळी तोडगा सापडला. मेंदू अजून शाबूत आहे. लग्नाच्या तारखेच्या जागी लिहिलं: ‘सुमारे १८८३’. सुमारे! किती सुंदर शब्द आहे. खोटं नाही, आणि दिसायलाही चांगलं. नियमही शाबूत, बाबाही शाबूत, मीही. नवी नवरी आणि बैलगाडीचा परिच्छेद ठेवला. त्याला हात लावणं जिवावर आलं.

रोंडाच्या नावाखाली मात्र काही लिहिलेलं नाही. तिथे ‘सुमारे’ चालणार नाही. एकाला सूट दिली की सगळे मागतात.

१५ जून

पुस्तकं आली. निळं कापड, सोनेरी अक्षरं. गॅरेजमध्ये खोकी रचली तर गाडी आत मावेना. गाडी बाहेर.

मुखपृष्ठावर माझं नाव थोडं मोठं झालंय, हाल्वोर-इंगेबोर्गपेक्षा. छापखान्याची चूक. दुरुस्त करत बसलो असतो तर वेळ गेला असता.

२२ जून

मेळाव्यासाठी फिती तयार करून घेतल्या. वंशातल्यांना निळी, तिच्यावर पुस्तकातला क्रमांक. इतरांना पांढरी, तिच्यावर ‘पाहुणे’ छापलेलं. सुना-जावयांना निळीच पण क्रमांकाशिवाय. आर्डिसला दाखवल्या. म्हणाली, क्रीमरीत दुधाच्या कॅनना लावायचास तशाच आहेत.

रोंडाचा फोन नाही. विचार चालू असेल. आजीच्या जागी मेन स्ट्रीटवरच्या बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानातली पुतळी आणली आहे. केस सोनेरी, चेहरा गोड, तक्रार काही नाही.

११ जुलै, शनिवार, सकाळी सहा

आकाश निरभ्र. आजोबांसारखी दाढी चिकटवली. खाजते. आजचा दिवस या कुळाच्या इतिहासात लिहिला जाईल. लिहिणारा मीच आहे, त्यामुळे खात्रीच आहे.

दुपारी साडेबारा

मिरवणूक झाली. ट्रॅक्टरने पहिल्याच वळणावर झटका दिला आणि इंगेबोर्ग आजीचा हात निखळून रस्त्यावर पडला. शाळेच्या बँडमधल्या एका मुलाने तो उचलून पुढे मिरवत नेला. गर्दीला फार आवडलं. मी दाढी धरून बसलो होतो.

बँकेच्या कोपऱ्यावर म्हातारी मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. आमचा गाडा आला तशी एकजण ओरडली, दुसरं दार कुठंय रे? मग सगळेच ओरडायला लागले, दुसरं दार! दुसरं दार! पलंग कुठंय! लोकांना इतिहासाची एवढी गोडी असेल असं वाटलं नव्हतं. मी टोपी काढून अभिवादन केलं.

दुपारी पावणेदोन, चर्चच्या तळघरात

फितींच्या टेबलावर बसून लिहितोय. मधे थोडी उसंत मिळाली आहे. माणसं पुष्कळ आलीत. कॉफी, ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशचे चौदा प्रकार आणि चौदांनाही एकच चव. मॉन्टानाहून चुलत भाऊ आलेत. पुस्तकं अजून विशेष खपली नाहीत, जेवणानंतर खपतील.

आत्ता एक गंमत झाली. एक लहान मुलगी टेबलापाशी आली. पुढचे दोन दात पडलेले, गुडघ्याला खरचटलेलं. म्हणाली, मला निळी हवी. मी म्हटलं, निळी घरच्यांसाठी असते. नाव काय तुझं? म्हणाली, इंगा. मला इतका आनंद झाला! म्हटलं, अगं, आमच्या आजीचं नाव इंगेबोर्ग, तिलाही लोक इंगाच म्हणायचे. आजीची कीर्ती परक्यांच्या घरातही पोचली आहे हे बघून बरं वाटलं.

क्रमांक शोधायला पुस्तक उघडलं. क्रमांक वडिलांच्या नावावरून लागतात, म्हणून विचारलं, बाबांचं नाव सांग. तर म्हणाली, मला बाबा नाहीत. बिचारी. गेले असतील. मी फार प्रेमाने समजावलं, बाळ, पुस्तकात नाव नसेल तर निळी देता येत नाही, पण पांढरीही छान असते. माझ्या हाताने तिच्या फ्रॉकला लावली. खिशातल्या दोन गोळ्या दिल्या. ती म्हणाली, यावर काय लिहिलंय? म्हटलं, पाहुणे. म्हणजे ज्यांना आम्ही मान देतो ते.

उड्या मारत गेली. मला मुलं आवडतात. रोंडा लहानपणी अशीच चालायची, एक पाय जरा आत टाकून.

१२ जुलै, रविवार

चर्चला गेलो नाही.

कालचं लिहायला हवं. रोज लिहायचं ठरवलंय.

ती उड्या मारत जिन्याकडे गेली. जिन्यात रोंडा उभी होती. रोंडा खाली वाकली, तिच्या फ्रॉकवरची फीत वाचली. मग वर बघितलं. मी दाढीत होतो. तिने ओळखलं. मी हात वर केला, का ते माहीत नाही, थांब म्हणायला की हलवायला. तिने मुलीला उचललं आणि वर निघून गेली. मुलगी तिच्या खांद्यावरून मला गोळीचा कागद दाखवत होती.

मी उठलो तर खुर्ची पडली. फितींचा डबा पडला.

आर्डिस स्वयंपाकघरातून आली. तिने त्या दोघींना बोलावलं होतं. तुझ्या बापाला जुळवून घेऊ दे, एकदा पोरीला बघितलं की विरघळेल, असं तिने रोंडाला सांगितलं होतं म्हणे. माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. स्वतःची निळी फीत काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, मला पांढरी दे.

म्हटलं, आर्डिस, लोक बघतायत. म्हणाली, बघू देत. आपला बाप आपल्या आजीच्या लग्नात तिच्या कडेवर होता. तुझ्या नियमाने मी पाहुणी. दे पांढरी.

मॉन्टानावाला चुलत भाऊ पुढे आला. हसत म्हणाला, आपण सगळेच रेघेवरच्या पलंगातले, मलाही एक दे. मग रांगच लागली. हसत होते सगळे. म्हाताऱ्या, पोरं, जावई. निळ्या फिती माझ्यापुढे टाकत होते आणि पांढऱ्या मागत होते. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या संपल्या, तेव्हा बायकांनी जेवणाचे कागदी रुमाल फाडून छातीला टोचले. माझ्यावर कोणी रागावलं नव्हतं, हेच वाईट. त्यांच्यासाठी ती मेळाव्यातली सगळ्यात मोठी गंमत होती.

शेवटी निळी फीत माझ्या एकट्याच्याच छातीवर उरली. क्रमांकासकट.

मी वर गेलो तेव्हा पार्किंगमध्ये गाडी नव्हती. पायरीवर पांढरी फीत पडली होती. पिन व्यवस्थित बंद केलेली. रोंडाची सवय. नर्स आहे ना.

१३ जुलै

आर्डिसने फोनवर सांगितलं की व्हर्ना दर महिन्याला रोंडाकडे जायची. पोरीला पहिला बूट तिने घातला. लेफ्से लाटायला तिने शिकवलं.

व्हर्नाला कधी दात दुखले नव्हते.

चार वर्षं. मी तिला दर महिन्याला बस स्टॉपवर सोडायला जायचो. ती उतरताना सांगायचो, डॉक्टरला म्हणावं घाई करू नको.

१६ जुलै

पुस्तकं गॅरेजमध्ये आहेत तशीच. गाडी बाहेर. पाऊस.

स्वतःच्या प्रतीत रोंडाच्या नावाखाली पेनने लिहिलं: इंगा. अक्षर चांगलं आलं. छापलेल्यासारखं नाही, पण चांगलं आलं. क्रमांकही घातला, आईवरून. तशी पद्धत नाही. पद्धत मीच ठरवली होती.

पुढे ‘जन्म’. तिथे थांबलो.

१७ जुलै

आर्डिसला विचारलं. तिला नक्कीच माहीत आहे. म्हणाली, मी नाही सांगणार. तिच्या आईला विचार.

एक निश्चय: उद्या फोन करणार. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलंय. पहिलं वाक्य, मी सुमारे चुकलो. ‘सुमारे’ खोडलं.

१८ जुलै, सकाळी दहा

फोन केला. रोंडाने उचलला नाही. मुलीने उचलला.

म्हणाली, आई रात्रपाळी करून झोपली आहे, कोण बोलतंय? कागदावर याचं उत्तर नव्हतं. आजोबा म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द कुणी मला कधी म्हटलेलाच नाही, जिभेवर येईना. म्हटलं, मी सेल्मर हॉगस्टाड. ती म्हणाली, मी पण हॉगस्टाड.

मग म्हणाली, तुम्ही दाढीवाले फितीवाले का? म्हटलं, हो. दाढी खोटी होती. म्हणाली, मला माहीत होतं, डिंक दिसत होता.

मी म्हटलं, इंगा, मला पुस्तकात तुझं नाव नीट लिहायचंय. तुझा वाढदिवस कधी असतो?

ती म्हणाली, आईने सांगितलंय, ओळख नसलेल्या माणसांना फोनवर असं काही सांगायचं नाही.

म्हटलं, बरोबर आहे. शहाणी आहेस. तिने फोन ठेवला.

जागा कोरी आहे.